धाकट्या कंपनीची बाजू

सुध्या,

दुपारी फोन वाजला की अजून मी हात पदराला पुसत उठते. गॅसवाला असतो, नाहीतर कुणीतरी चुकून लावलेला असतो, आणि मी त्याच्यावर उगाच खेकसते. परवा गॅसवाला घाबरून म्हणाला, "मावशी, माह्यं काही चुकलं काय?" काय सांगणार त्याला? ती वेळ तुझी होती. जळगावहून विमान उडालं की पहिला फोन मला. "गेलं वं ताई." लेक सासरी धाडल्यासारखा आवाज काढायचास. मी विचारायची, "जेवला का?" तू म्हणायचास, "आता जेवतो ना." म्हणजे जेवलेला नसायचासच.

जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे कागदावर भाषा आपोआप इस्त्रीची उतरते. मनात तुझ्याशी भांडते ती मात्र आपल्या नांदुऱ्याचीच. तेवढं समजून घे.

इथं लोक मला विचारायचे, भाऊ काय करतो? मी सांगायची, विमान कंपनीत आहे. लगेच पुढचं, "पायलट हाय काय?" नाही बाप्पा, पायलट नाही. जळगावच्या विमानतळावर त्याच्या कंपनीचं जे काही असेल ते सगळं तोच पाहतो. तिकिटं, सामान, उशीर आणि लोकांचे रुसवेफुगवे. मग कंपनीचं नाव विचारायचे. तुमच्या कंपनीचं नाव सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर काही उमटायचं नाही. मग मी मोठ्या कंपनीचं नाव घ्यायची आणि म्हणायची, तिचीच ही धाकटी. त्यावर लगेच "अस्सं अस्सं" व्हायचं. याचा तुला केवढा राग!

"ताई, तू तिचं नाव काऊन सांगून राह्यली? आमचं नाव हाय ना वेगळं."

"अरे पण मालक तीच ना?"

"मालक असली म्हणून काय झालं? तू मोठी हाय, म्हणून म्या माह्यं नाव टाकून देलं काय?"

तिथून जे भांडण लागलं ते लागलं. दिवाळीत तेच, राखीला तेच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलो तरी तेच. शोभा म्हणायची, "तुमा बहीणभावाले दुसरा विषयच नाई." तुझी बायको गरीब स्वभावाची. दुसरी असती तर पान वाढतावाढता दोघांनाही उठवून लावलं असतं.

तुझं म्हणणं असं, की धाकटी कंपनी गावोगावची माणसं गोळा करून आणते, म्हणून मोठीची विमानं भरतात. जळगावचा केळीवाला, खामगावचा डॉक्टर, नांदुऱ्याचा कापूसवाला यांना तुमचं पंख्यांचं विमान उचलून मुंबईला नेऊन सोडतं, तिथून पुढं मोठी त्यांना घेऊन जाते. आणि माझं म्हणणं असं, की मोठी पाठीशी उभी आहे म्हणून तुमचे पंखे फिरतात. तिनं हात काढला की तुम्ही उघड्यावर. मी काय चुकीचं बोलत होते? आबा गेले तेव्हा मी नुकती शाळेत नोकरीला लागले होते आणि तू कॉलेजात. मोठेपण कशाशी खातात ते मला ठाऊक होतं. तू मात्र हसायचास. "म्हणजे मोठी कंपनी तूच हाय ताई! इचारल्याबिगर पाणीई पिऊ देत नाई." सगळं घर हसायचं. मीही हसायची, पण मनातून मला ते लागायचं आणि आवडायचंही. धाकट्यानं आपल्याला मोठं म्हणावं, मग ते चिडवायला का होईना.

तुझं हे धाकट्यांच्या बाजूनं उभं राहणं आलं कुठून, ते मला माहीत आहे. रेल्वेच्या फाटकाजवळ आपण उभे राहायचो, आबांचं बोट धरून. मोठमोठ्या गाड्या धडधडत निघून जायच्या आणि मागची सगळी धूळ आपल्या तोंडावर. पॅसेंजर तेवढी थांबायची. तू आबांना विचारलंस, "ह्या आपल्या इथं काऊन नाई थांबत?" आबा म्हणाले, "बेटा, त्याइले पुढं जा लागते." तर तू म्हणतोस, "मंग आपल्याले नाई जा लागत काय पुढं?" आबांनी ही गोष्ट कापसाच्या जिनिंगमध्ये ज्याला त्याला सांगितली. कितीतरी दिवस तिथले हमाल तुला बघितलं की विचारायचे, "काय मालक, पुढं कवा जाता?" तू लाजून माझ्यामागं लपायचास.

आणि ती बारशाची गंमत! ती आठवली की मला एकटीलाच हसू फुटतं, आणि हसून झालं की मग वाईट वाटतं, कारण ती ज्याच्यासोबत आठवायची तो तूच होतास. माझ्या लेकीच्या मुलाचं बारसं मुंबईला होतं. तू अडून बसलास की सगळ्यांनी माझ्याच विमानानं जायचं. साखरखेर्ड्याहून व्याही आले, बापूसाहेब, डोक्याला कोशा पटका बांधून. विमानात चढल्याचढल्या ते पहिल्या रांगेत बसले. मुलाकडचे म्हटल्यावर पुढं बसणारच. आम्ही मुलीकडचे त्यांच्यामागं. त्या दिवशी विमान जवळजवळ रिकामं होतं. हवाई सुंदरी येऊन म्हणाली, पुढच्या काही लोकांनी मागं बसा, वजन सारखं व्हायला पाहिजे. बापूसाहेब जागचे हलेनात.

"आमी पोराकडचे हावोत. आमी कामून मागं बसावं? यांना बसवा की."

आता तुझे भाऊजी काय कमी? ते म्हणाले, "आम्ही तर पह्यलेच मागं हावो. आजून किती मागं जाव?"

ती बिचारी पोरगी कधी इकडं बघे, कधी तिकडं. बाहेर पंखे फिरायचे थांबलेले. शेवटी तुला बोलावलं. तू आत आलास, बापूसाहेबांच्या पाया पडलास आणि म्हणालास, "मामा, याचं दार कुठी हाय ते पाह्यलं काय तुम्ही? मागं हाय. मागं बसणारा पह्यले उतरते. पुढं बसला त्याले सगळ्याइच्या पाठीमागून उतरा लागते." खोटं नव्हतंच ते. त्या विमानाचं दार मागंच. बापूसाहेब पटका सावरत उठले आणि पार शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ते बघून भाऊजीही उठले, त्यांच्या मागोमाग आमची जाऊ, मागोमाग बापूसाहेबांचा पुतण्या. सगळं वऱ्हाड मागं! आता विमानाची शेपटी जड. तू कपाळावर हात मारलास आणि काहींना हातापाया पडून परत पुढं आणलंस. त्या दिवशी विमान उशिरा सुटलं. मोठ्या कंपनीच्या दिल्लीच्या साहेबानं तुला फोनवर कारण विचारलं. तू सांगितलंस, सोयरे होते. तो पलीकडून हसला म्हणे, "समझ गया, हमारे यहाँ भी फूफाजी होते हैं." फूफाजी म्हणजे आत्याचा नवरा; लग्नात रुसायचा मान तिकडं त्याचा. हे मला सांगताना तुला हसून हसून ठसका लागला होता. मी म्हटलं, "बघ, तुझी मोठी कंपनी किती समजूतदार आहे." तू लगेच, "साहेब समजूतदार हाय. कंपनी नाई."

पण मीनल वैमानिक झाली आणि आपलं भांडण गमतीचं राहिलं नाही. तुझी एकुलती एक लेक, आणि तीही तुझ्याच धाकट्या कंपनीत लागली. नांदुऱ्यात तिला गणपतीपुढं सत्काराला बोलावलं तेव्हा तू पाठच्या रांगेत उभा राहून डोळे पुसत होतास. मी बघितलं, तुला वाटलं नाही बघितलं. पुढं बातम्या यायला लागल्या की धाकटीला मोठी गिळणार. कुणी म्हणे विकणार, कुणी म्हणे बंद करणार, कुणी म्हणे नाव बदलून चालवणार. मी तुला म्हटलं, सुध्या, तुझं जाऊ दे, तुझं निवृत्तीचं वय आलं. पोरीला वेळेवर मोठीत जाऊ दे. फोनवर तुझा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की मला कळायचं, आता हा खरा भांडणार.

"मोठीत जाऊन काय करंल ते? सिनिॲरिटीच्या यादीच्या बुडाशी बसंल. शेजारच्या खुर्चीवर म्हातारी होईल. धाकटीत ते लवकर डाव्या खुर्चीवर येते, ताई. कॅप्टन होते."

"आणि कंपनीच राहिली नाही तर? कॅप्टन कशाची?"

"विमान राह्यते ना. लोकं राह्यतात. त्याइले कोणी तं नेईन."

"कोणी तं म्हणजे कोण रे? लेकीचं आयुष्य असं 'कोणी तं'च्या भरवशावर टाकतं का कुणी?"

"पाह्य, आता चेक-इन सुरू होऊन राह्यलं. नंतर बोलतो."

ते नंतर आलंच नाही. त्याआधीच तू गेलास. लोक मला विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगते, नेहमीचंच. कसं सांगू की शेवटच्या बोलण्यात मी तुला झापत होते आणि तू मला टाळत होतास, आणि तरीही ते आपलं चांगल्यातलं बोलणं होतं. आपलं प्रेम असंच होतं. आपण जवळ बसून एकमेकांना बरं काही म्हटलंय, असं मला आठवत नाही.

दहाव्याला पूर्णेच्या काठी गेलो. बायका जात नाहीत म्हणे. मी गेले. मीनलनं अग्नी दिला होता, पिंडही तिनंच मांडले. काका-मामांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण माझं तोंड बघून कुणी बोललं नाही. आणि कावळा शिवेना. बाभळीवर दोन-चार बसले होते, इकडं बघत होते आणि जागचे हलत नव्हते. जळगावला तुझ्या हाताखाली काम करणारा गजानन हळूच म्हणाला, "सरांनी जनमभर धावपट्टीवरची पाखरं हाकलली. फटाके फोडा, फटाके फोडा म्हणून लोकाइच्या मागं लागत. आता कोणता कावळा येते?" सगळे हसले. शोभासुद्धा पदरात तोंड घालून हसली आणि मग तिला आवरेना.

मग सुरू झालं कबूल करणं. शोभाचा भाऊ पुढं झाला, "दाजी, शोभाले काही कमी पडू देणार नाई." कावळा नाही. तुझा मित्र म्हणाला, "घराची काळजी नोको करू बे, आमी हावो." कावळा नाही. गजाननानं तर डोळे मिटून, हात जोडून सांगितलं, "सर, आपली फ्लाइट बंद नाई होऊ देणार." त्याच्या हातात काय होतं रे? दिल्लीत बसलेली माणसं ठरवणार, आणि हा पूर्णेच्या काठी उभा राहून वचन देतोय. पण असा मनापासून बोलला की मला भडभडून आलं. तुझ्याकडून चार शिव्या खाऊनही त्यानं तुझ्यावर जीव लावला होता.

कावळा तरीही आला नाही. मग एकेकाचं तोंड माझ्याकडं वळायला लागलं. तुझे भाऊजी कानाशी येऊन म्हणाले, "बोल ना वं. मीनलले धाकटीतच राहू देऊ म्हण. त्याचा जीव तेथीच अडकला असंल." सगळ्यांना माहीत होतं आपलं भांडण. सगळे वाट बघत होते की आता मोठी बहीण मान खाली घालेल आणि कावळा उतरेल.

मी नाही बोलले, सुध्या. मला कुणी आडमुठी म्हणो, काहीही म्हणो. मला तुला हरवायचं नव्हतं, मला ते भांडण संपवायचं नव्हतं. तेवढंच एक तुझ्याकडून येणं बाकी होतं माझं. "तू म्हणतो तेच खरं" असं मी म्हटलं असतं, कावळा शिवला असता, लोक आंघोळी करून घरी गेले असते, आणि तू सगळं मिटवून निघून गेला असतास. म्हणून मी ओठ घट्ट दाबून उभी राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळं उरकलं. परत येताना गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

तेराव्यानंतर गजानन आला. चहा घेतला आणि कपाकडं बघत म्हणाला, "बाई, झालं. आजच कळवलं." धाकटी मोठीत विलीन. नाव जाणार, रंग जाणार. पंख्यांची विमानं सध्यापुरती राहणार, पुढचं पुढं बघू. कोणती गावं ठेवायची आणि कोणती सोडायची, तेही नंतर सांगणार. जळगावचं कुणालाच माहीत नाही. टीव्हीवर एक टायवाला माणूस सांगत होता की हा प्रवाशांच्या हिताचा निर्णय आहे. मी त्याला मोठ्यानं विचारलं, "कोणत्या प्रवाशांच्या रे?" आणि मग मीच चमकले. हा तुझा प्रश्न होता. मी आजवर कधी विचारला नव्हता.

गजानन निघताना म्हणाला, "सर असते तं आज दिल्लीले फोन लावून भांडले असते." मी म्हटलं, "आणि उपयोग काय झाला असता?" तो म्हणाला, "काहीच नाई. पण भांडले तं असते." सुध्या, तू नसल्याचं मला त्या क्षणी जे कळलं, ते घाटावरही कळलं नव्हतं.

मग मीनल आली राहायला. तिच्यासारख्या तरुण वैमानिकांना कंपनीनं विचारलं होतं. मोठ्या विमानांवर यायचं तर दिल्लीला या, पण यादीत सगळ्यांच्या शेवटी. नाहीतर आहात तिथंच पंख्यांच्या विमानांवर राहा, पण ती किती दिवस उडतील याची हमी आम्ही देणार नाही. काय ते लवकर कळवा. पोरगी वाळली होती. तुझा जुना स्वेटर घालून माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी पातोड्यांचं बेसन ताटात थापत होते. तुला आवडायच्या म्हणून नव्हे, तिला आवडतात म्हणून. उगाच मनात काही आणू नकोस.

ती म्हणाली, "आत्या, म्या ठरवलं. तू म्हणत होती तसंच. मोठीत जाते."

बघ, मला किती आनंद व्हायला पाहिजे होता! इतकी वर्षं घसा कोरडा केला तो याच्याचसाठी. पण माझा हात ताटावरच थांबला, आणि तोंडातून निघालं, "काऊन?"

ती गोंधळली. "काऊन म्हणजे? तूच तं म्हणे. नोकरी पक्की राह्यते. मोठ्याची सावली असली म्हणजे ऊन लागत नाही."

"सावलीत कोणतं रोप वाढते वं? तेथी तू यादीच्या बुडाशी बसशीन. शेजारच्या खुर्चीवर म्हातारी होशीन. इथं डाव्या खुर्चीवर लवकर येशीन."

"पण आत्या, विमानंच काढून टाकले तं?"

"आज तं हाय ना? जोवर हाय तोवर उडव. लोकं कुठी जाणार हायेत? जळगावच्या माणसाले मुंबईले जाच लागते. खामगावच्या डाक्टरले जाच लागते. त्याइले कोणी तं नेईन!"

कोणी तं! माझ्या तोंडून! मी तुला याच शब्दावरून फाडून खाल्लं होतं. मीनल माझ्याकडं टक लावून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी भरत भरत आलं, आणि ती म्हणाली, "आत्या, हे तं बाबा बोलून राह्यले."

मग ती रडली. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, सगळ्यांना धीर देत फिरत होती. बेसनाच्या हातांनीच मी तिला धरलं. तुझ्या स्वेटरला पिठाचे डाग पडले ते पडलेच. मीही रडले. तू काही बघत नव्हतास, म्हणून मनसोक्त रडले. मग आम्ही दोघींनी पातोड्या कापल्या, रस्सा केला आणि जेवलो. जेवताना ती एकदम म्हणाली, "तू बाबाची बाजू कवापासून घ्याले लागली?" मी म्हटलं, "कुणी तरी घ्यायलाच पाहिजे ना आता." तिला ते पुरलं. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला कळवून टाकलं की मी आहे तिथंच राहते.

तर जिंकलास बाबा. माझ्या घरात, माझ्याच तोंडून जिंकलास. आणि हे तुला सांगायला मला एक फोनसुद्धा लावता येत नाही.

आता धास्ती माझ्या वाट्याला. पेपरात त्या कंपनीची बातमी आली की मी आधी ती वाचते. आज म्हणतात सहा विमानं वाढवणार, उद्या म्हणतात भाड्यानं आणलेली काही विमानं परत करणार. गजानन येतो, सांगतो की जळगावचं अजून अधांतरी आहे. मीनलला मात्र मोठा उत्साह. परवा तिनं फोन केला, "आत्या, कॅप्टनच्या ट्रेनिंगले नाव लागलं माह्यं." आनंदानं पोरीला बोलता येईना. मी म्हटलं, छान, छान. फोन ठेवला आणि देवापुढं जाऊन बसले. पोरगी माझ्या शब्दावर राहिली आहे, सुध्या. उद्या ती विमानं विकून टाकली आणि ती ऐन उमेदीत घरी बसली, तर मी तिला काय तोंड दाखवू? तू असतास तर सगळं तुझ्यावर ढकललं असतं. तुझ्या नावानं बोटं मोडली असती, चार दिवस अबोला धरला असता आणि पाचव्या दिवशी अनारसे घेऊन तुझ्या दारात आले असते.

तुझी बाजू मी घेतली. पण माझी बाजू ओस पडली रे. तिच्याकडून बोलायला कुणीच उरलं नाही. भाऊजी म्हणतात, झालं ते बरं झालं. शोभा म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. मीनलला तर आत्या म्हणजे देवच झाली आहे. सगळे माना डोलावतात. एकजण म्हणत नाही की बाई, तुम्ही विचार न करता बोललात, नोकरी पक्की पाहिजे होती, पोरीला मोठीत पाठवायला पाहिजे होतं. हे मला कुणी तरी सांगायला नको का? आणि तुझ्याशिवाय या घरात कुणाची हिंमत आहे?

तूच ये ना रे एकदा. माझी बाजू घेऊन बस समोर आणि ठणकावून सांग की ताई, तुह्यं चुकलं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. सगळं ऐकून घेईन. खरंच ऐकून घेईन.